आधी पिकू दे: गळवाच्या उपचारामागचा इतिहास

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात मासळी निवडताना आजीच्या हाताला शिंगाळ्याचा काटा लागला की दोन-तीन दिवसांत बोट टम्म सुजायचं. ती गव्हाच्या पिठात हळद शिजवून गरम पोटीस बांधायची आणि म्हणायची, "आधी पिकू दे, कच्चं फोडायचं नाही." आज त्याच घरात कुणाला गळू झालं की मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या येतात. पोटीस काय नि गोळ्या काय, दोन्ही सवयींना इतिहास आहे.

आजीचं म्हणणं फार जुनं. सुश्रुतसंहितेत सुजेच्या तीन अवस्था दिल्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. आठ शस्त्रकर्मांतलं 'भेदन' म्हणजे गळवाला चीर देणं. कच्ची सूज अज्ञानाने चिरणारा आणि पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा, अशा दोघांनाही तिथे सारखाच दोष दिला आहे. आपल्या घरांतून यातला पहिला भाग टिकला, दुसरा विसरला गेला. आजीनेही पहिलाच सांभाळला होता. एकदा तिने आठवडाभर वाट पाहिली आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं आखडलं. बोटातला पू वेळेत निघाला नाही तर आतला स्नायुबंध कुजतो, हे मला फार उशिरा कळलं.

पू का होतो, हे मात्र १९व्या शतकापर्यंत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. जखमेत पू धरणं हे बरं होण्याचंच लक्षण, असं युरोपातले कितीतरी शल्यविशारद मानत. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टरने १८६५ पासून जखमांवर जंतू मारणारं कार्बॉलिक आम्ल वापरायला सुरुवात केली आणि पू टाळता येतो हे दाखवलं. पुढे १८७१ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू चिरलं आणि पू वाहून जावा म्हणून आत रबरी नळी ठेवली.

मला या कथेत सर्वांत मोठा वाटतो तो स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमधला शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन. घरामागच्या छोट्याशा प्रयोगशाळेत त्याने गळवांतला पू रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात गोल जंतूंचे पुंजके दिसले. तोच पू उंदरांना टोचल्यावर त्यांनाही गळवं झाली. हे निष्कर्ष त्याने १८८० मध्ये मांडले. १८८२ मध्ये त्याने या जंतूंना 'स्टॅफिलोकॉकस' नाव दिलं, कारण ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. ठणका नसलेल्या 'थंड' गळवांत मात्र त्याला हे जंतू सापडले नाहीत. १८८२ मध्येच रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. थंड गळवामागे बहुतेक वेळा हाच जंतू असतो, म्हणून मानेत न दुखणारी गाठ आली तर आधी क्षयाची तपासणी होते आणि उपचाराचा मुख्य भार औषधांवर असतो.

गोळ्यांवरचा विश्वास पेनिसिलिनमुळे आला. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते दिलं गेलं. चेहरा आणि डोकं गळवांनी भरलेलं, एक डोळा काढावा लागलेला. थोड्याच दिवसांत तो सुधारू लागला. औषध इतकं दुर्मीळ होतं की त्याच्या लघवीतून ते पुन्हा वेगळं करत. तरी साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. जंतूंनीही वाट काढली. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी बनवलेल्या मेथिसिलिन या औषधालाही दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये नोंदवला गेला.

पण पू साठल्यावर नुसत्या गोळ्या कमी पडतात. गळवाभोवती शरीर भिंत उभारतं आणि आत रक्त पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? म्हणून कळव्याच्या पालिका रुग्णालयात जा किंवा वाशीच्या, पिकलेल्या गळवाला चीर दिली जाते, आतले कप्पे मोकळे करतात, पोकळी धुतात आणि ड्रेसिंग करतात. आतल्या आम्लतेमुळे भुलीचं इंजेक्शन पूर्ण लागू पडत नाही, म्हणून थोडं दुखतं. ताप असेल, लाली पसरत असेल किंवा मधुमेह असेल तर जोडीला प्रतिजैविकं देतात. यकृतातल्या अमिबाच्या गळवाची गोष्ट वेगळी. १९१२ मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने त्यावर इमेटिन या अमिबा मारणाऱ्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली आणि पोट उघडण्याऐवजी सुईने पू ओढण्याचा आग्रह धरला. आजही आधी औषध आणि गरज पडली तर सोनोग्राफीत पाहून सुई, असाच क्रम आहे. स्तनातल्या गळवालाही आता बहुधा आधी सुईच लावतात.

नाकाजवळचं किंवा वरच्या ओठावरचं केसतूड घरी पिळू नये, तिथल्या शिरांचा संबंध थेट मेंदूपर्यंत आहे. आणि बोटाच्या बाबतीत सर्जन आजीचा नियम पाळत नाहीत. काटा लागलेल्या बोटाच्या ठणक्याने एक रात्र झोप लागली नाही, तर आत पू आहे असंच धरतात आणि पिकायची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी चीर देतात.