रॉक गार्डनमधला दगड: पार्श्वभूमी

सोळाव्या शतकात व्हिएन्नात आल्प्समधली झाडं बागेत रुजवून पाहिली गेली. बरीचशी मेली, प्रिम्युला या फुलझाडाच्या काही जाती तगल्या. लंडनच्या चेल्सीतल्या औषधी बागेत १७७३ मध्ये आइसलँडचा लाव्हा आणि लंडन टॉवरचे जुने चिरे रचून रॉक गार्डन, म्हणजे दगड रचून त्यांत झाडं लावलेली बाग, केलं गेलं. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांनी बागेत आल्प्समधल्या शामोनीच्या डोंगररांगेची प्रतिकृती उभारली, मॅटरहॉर्न शिखराचीही उभारली. झाडं त्यात शोभेपुरतीच होती.

झाडांना केंद्रस्थानी ठेवणारी बाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली, पण तिच्याबरोबर पाण्यानं झिजलेल्या चुनखडकाचा सोसही आला. हा दगड उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि कंब्रियातल्या सड्यांवरून यायचा. हिमनद्यांनी खरवडून उघडे पाडलेले हे कातळ; वर पन्हळीसारखे गुळगुळीत खोलगट ओघळ, मधे अरुंद, खोल भेगा आणि भेगांच्या सावलीत नेचे. झिजलेला असतो तो फक्त वरचा थर, आणि बागेसाठी नेमका तोच उचकटला जायचा. खाली उरलेल्या दगडाला तसं रूप यायला पुन्हा हजारो वर्षं हवीत. म्हणजे दगडांत वाढणाऱ्या झाडांची हौस भागवायला दगडांत वाढणाऱ्या झाडांचंच घर मोडलं जात होतं.

१९८१ च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्यानं अशा सड्यांना संरक्षणाचे आदेश लागू करण्याची सोय केली. दगड विकणाऱ्या जमीनमालकांच्या उत्पन्नाचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. पण ‘असा दगड नसेल तर बाग नैसर्गिक दिसत नाही’ या बागवाल्यांच्या तक्रारीत फारसा दम नव्हता. खाणीतल्या चुनखडकात चुना तोच, निचराही तोच, फरक दिसण्याचा. कायदा यायला उशीर झाला, एवढंच फार तर म्हणता येईल. तोवर कितीतरी सडे ओरबाडून झाले होते.

झाडाला दगडाचं रूप कळत नाही. डोंगरावर हिवाळाभर बर्फाखाली ते कोरडं राहतं. बागेतल्या हिवाळी पावसात मात्र बुंध्याशी ओल धरते आणि गादीसारखा गच्च झुबका मधूनच तपकिरी पडून सडतो. म्हणून बुंध्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडी. म्हणूनच पाणी साचू न देणाऱ्या दगडी कुंड्या, आणि सिमेंट, वाळू व पीट (दलदलीतला कुजका पालापाचोळा) कालवून केलेल्या नकली टुफाच्या, म्हणजे सच्छिद्र चुनखडकासारख्या दिसणाऱ्या, कुंड्याही.

चेक बागवाल्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आणलेली भेगांची बाग याच विचारातली. चपटे दगड उभे, एकमेकांना जवळजवळ खेटून लावायचे आणि फटींत वाळू-खडी ठासायची. मुळं खोल जातात, बुंधा कोरडा राहतो. त्याला देखणा दगड लागतच नाही. फुटक्या काँक्रीटच्या लाद्याही चालतात. काँक्रीटमधून चुना उतरतो, त्यामुळे आम्लधर्मी माती मागणाऱ्या, शरदात फुलणाऱ्या जेन्शियन या डोंगरी फुलझाडाच्या जाती तेवढ्या तिथे लावू नयेत. चुना मानवणाऱ्या सॅक्सिफ्रेज या कातळावरच्या झाडांना मात्र ती जागा झकास.