सलाइनची नळी तिसऱ्या दिवशी बदलायचीच का?

हातात सलाइनसाठी जी ‘सुई’ ठेवलेली असते, ती खरं तर प्लास्टिकची बारीक नळी. शीर सापडली की टोकदार सुई बाहेर काढून घेतात आणि नळी, म्हणजे कॅन्युला, आत राहते. तीन-चार दिवस झाले की ती काढून दुसरीकडे घालायची, हा शिरस्ता वॉर्डावॉर्डांत वर्षानुवर्षं पाळला गेला. का, तर शीर सुजते आणि जंतू शिरतात. पटतं, पण कुणी तपासून पाहिलंय का?

पुराव्यावर आधारित शुश्रूषेत पहिलं काम असतं प्रश्न नीट बांधण्याचं. ‘नळी कधी बदलावी?’ एवढ्यावर हाती काही लागत नाही. रुग्ण कोण, करायचं काय, तुलना कशाशी आणि मोजायचं काय, हे चारही त्यात हवं. उदाहरणार्थ: दाखल प्रौढ रुग्णांची नळी गरज पडेल तेव्हाच बदलली, तर ठरावीक दिवशी बदलण्यापेक्षा शीर सुजण्याचं प्रमाण वाढतं का?

ऑस्ट्रेलियात नेमकं हेच तपासलं गेलं. 3,283 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांत शीर सुजण्याचं प्रमाण 7 टक्केच. म्हणजे वारंवार टोचणं टाळता येण्यासारखं होतं.

बरेच जण इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. अभ्यासात मुख्यतः मोजली गेली ती शिरेची सूज, जी वॉर्डात नेहमी दिसते. रक्तात जंतुसंसर्ग होणं मात्र इतकं दुर्मीळ, की त्यातला फरक कळायला तीन हजार रुग्ण अपुरे पडतात. जिनिव्हातल्या विद्यापीठ रुग्णालयात चार लाखांहून अधिक नळ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ‘गरजेनुसार बदला’ हे धोरण आल्यावर रक्तातला संसर्ग वाढला होता आणि जुनी पद्धत परत आणल्यावर तो उतरला. अशा आधी-नंतरच्या तुलनेत दुसरी कारणं मिसळलेली असू शकतात, म्हणून हा पुरावा चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाइतका पक्का नाही. तरी दुर्मीळ धोका दिसायला एवढे मोठे आकडेच लागतात, त्यामुळे तो बाजूलाही सारता येत नाही.

म्हणून ‘गरजेनुसार’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक पाळीत नळी बघणं असा घ्यायला हवा. पारदर्शक पट्टीतून जागा पाहायची, बोटाने हलकेच चाचपायची. लाली, दुखणं, सूज, दोरीसारखी कडक झालेली शीर किंवा गळती, यातलं काही दिसलं तर नळी लगेच काढायची. औषध तोंडाने सुरू झालं आणि नळीचं काम उरलं नाही, तरीही काढायची. राहू दे, लागेल कदाचित, असं म्हणून ठेवलेली नळी नाहक धोका वाढवते. घाईगर्दीत, निर्जंतुकता न पाळता घातलेली असेल तर शक्य तितक्या लवकर, फार तर 48 तासांत बदलायची. नवी घालताना जंतुनाशक आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही.

रुग्णालाही विचारायला हवं. तो लिहितो कोणत्या हाताने? आधी कुठल्या शिरा खराब झाल्यात? केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या हातावर चांगली शीर शोधणं हेच मोठं काम असतं. तिथे एक अनावश्यक टोचणी टळणंही लहान गोष्ट नाही.

आणि पट्टीवर नळी घातल्याची तारीख-वेळ लिहायची. ती नसेल तर कोणती नळी किती तास राहिली आणि कधी बिघडली, हे नंतर मोजता येत नाही.