उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का?

एप्रिल लागला की मेसेज फिरतो: “उन्हात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये पाच-सहा पॉइंट कमी भरा, नाहीतर टायर फुटेल.”

यातला अर्धा भाग खरा आहे. हवा फुगतेच, तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण १ ते २ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, ज्याला आपण ‘पॉइंट’ म्हणतो) वाढतो. पण कंपनी दाबाचा आकडा ठरवते तोच ही वाढ धरून. खरा धोका उलट बाजूला आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, या दबण्या-उठण्यानं रबर आतून तापतं आणि थर सुटू लागतात. त्यात अकोला-चंद्रपूरकडचं ४५ अंशांचं ऊन, मागे संत्र्याचे क्रेट, वर महामार्गाचा वेग. टायर फुटतो तो असा.

तपासायचं कसं? सकाळी, गाडी काढण्याआधी हवा मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा. दुपारी गरम टायरमध्ये तीन-चार पॉइंट जास्त दिसले तर कृपा करून हवा सोडू नका.

आणि टायर कधी बनला ते सांगणारे टायरवरचे चार अंकही बघाच: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.