फायबर कुजत नाही म्हणे!

"फायबर आहे, त्याला काय होतंय?" जुनी बोट दाखवणारा हे हमखास म्हणतो. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फायबर मात्र जन्मभर तसंच, असा समज. मग तीच बोट पाण्याबाहेर काढून तळ पाहिला, तर वाटाण्याएवढे, कधी बटणाएवढे फोड दिसतात. एखादा टोचला की आतून चिकट, तेलकट पाणी येतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास असतो. बाहेरचं साधं पाणी झिरपून आत साचलं असेल, तर त्याला हा वास आणि हा चिकटपणा आला कुठून? हे कळलं की जुना हल, म्हणजे बोटीचा बाहेरचा कोष, घरी दुरुस्त करताना काय करावं आणि कशावर श्रम वाया घालवू नयेत, तेही बरंचसं कळतं.

फायबर म्हणजे काचेचे धागे, आणि काच कुजत नाही हे खरंच. पण मॅट, म्हणजे काचेच्या आखूड धाग्यांची चटई, हातानं अंथरून बनवलेल्या हलमध्ये वजनानं जेमतेम एक तृतीयांश काच असते. बाकी सगळं पॉलिस्टर रेझिन, म्हणजे घट्ट झालेली राळ. बांधणी बाहेरून आत होते. साच्याला आधी मेण लावतात, त्यावर साधारण अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे तो चकचकीत रंगीत थर, आणि मग रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे आणि रोव्हिंगचे, म्हणजे काचेच्या जाड धाग्यांच्या विणलेल्या कापडाचे, थर. मॅटमधले काचेचे आखूड तुकडे सुटू नयेत म्हणून त्यांना बाइंडर लावलेला असतो. जुन्या बोटींच्या मॅटमध्ये तो बऱ्याचदा सुतारांच्या पांढऱ्या गोंदाच्या जातीचा असे. बांधताना रोलर घाईत फिरला की काही धागे कोरडे राहतात, काही जागी हवेचे बुडबुडे अडकतात. या पोकळ्या लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिथेच घडतं.

पॉलिस्टर बनतं ते आम्ल आणि ग्लायकॉल (एका जातीचं अल्कोहोल) यांच्या संयोगातून. दोघं जोडले जाताना एस्टरचा बंध तयार होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कारखान्यात मिश्रण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हे पाणी हाकलून देतात, तेव्हा कुठे साखळी लांब होते. ही अभिक्रिया उलटही होते, हे शाळेतच शिकवलेलं असतं. हलच्या आत नेमकं तेच होतं. ज्याला हाकलून पॉलिस्टर झालं, ते पाणी परत येऊन बंध तोडतं आणि आम्ल व ग्लायकॉल पुन्हा सुटे होतात.

पाणी आत येतं, कारण जेलकोटही पॉलिस्टरच आहे. भिंतीसारखा दिसला तरी पाण्याच्या रेणूंसाठी तो फार बारीक चाळणीसारखा आहे. वर्षभर पाण्यात राहिलेला धडधाकट हलसुद्धा एक-दोन टक्के पाणी पिऊन बसलेला असतो आणि तेवढ्यानं काही बिघडत नाही. हे पाणी एखाद्या पोकळीत पोचलं आणि तिथे विरघळण्याजोगं काही असलं, की मात्र बिघडतं. आणि असतंच. रेझिन बनवताना थोडं जास्त टाकलेलं ग्लायकॉल, अर्धवट राहिलेल्या साखळ्या, रेझिन घट्ट करणारा कॅटॅलिस्ट ज्या द्रवात कालवून देतात तो द्रव, तो गोंद. गोंदातून ॲसेटिक आम्ल सुटतं, व्हिनेगरचा वास त्याचाच.

आता जेलकोटच्या मागे दाट द्रावणाचा एक थेंब आहे आणि बाहेर पातळ पाणी. पाण्याला आत यायला मोकळीक आहे, ग्लायकॉलच्या जाडजूड रेणूंना बाहेर पडायला जवळजवळ नाही. हीच ऑस्मोसिस, मनुका पाण्यात टाकली की फुगते तीच. दाब किती येतो, ते काढायचं सूत्र व्हान्ट हॉफ यांनी दिलं. १९०१ सालचं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं. सूत्राची गंमत अशी की ते हुबेहूब वायूच्या नियमासारखं आहे. विरघळलेले रेणू जणू तेवढ्याच जागेत कोंडलेला वायू आहेत, असं समजून दाब काढायचा. प्रोपिलीन ग्लायकॉलचा एक मोल म्हणजे ७६ ग्रॅम. एक लिटर द्रावणात तेवढं असेल तर २७ अंशांना दाब येतो सुमारे २४.६ वातावरण. मोटारीच्या टायरमध्ये आपण जेमतेम सव्वादोन वातावरण भरतो. जेलकोट आदर्श पडदा नाही, थोडा गळतो, फुगतोही, त्यामुळे पूर्ण दाब कधीच भरत नाही. पण एवढ्यातला दहावा भागसुद्धा अर्ध्या मिलिमीटरचा थर उचलायला पुरतो. फोड टोचताना डोळ्यांवर चष्मा हवा तो यासाठी, आतलं आम्लधर्मी पाणी चिळकांडीनं उडू शकतं.

इथे एक उलटीच वाटणारी गोष्ट निघते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचा स्वतःचा ऑस्मोटिक दाब २५ वातावरणांच्या वर जातो. म्हणजे मघाचा ग्लायकॉलचा थेंब समुद्रात जवळजवळ तोलला गेला, गोड्या पाण्यात मात्र त्याला विरोध करणारं कोणी नाही. म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या तलावात, त्यातही कोमट पाण्यात, फोड लवकर आणि जास्त येतात. "ही बोट कधी खाऱ्या पाण्यात गेलीच नाही" ही शिफारस तळाच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

थोडं आणखी खोलात जायला हवं, कारण जुन्या आणि नव्या हलमधला फरक इथेच आहे. बंध तुटून सुटं झालेलं आम्ल पुढचे बंध तोडायला मदत करतं, म्हणजे काम स्वतःच स्वतःचा वेग वाढवतं. जुन्या बोटींतलं स्वस्त ऑर्थोथॅलिक रेझिन यात विशेष कमजोर. त्यातल्या बेंझिनच्या षटकोनावर आम्लाचे दोन गट अगदी शेजारी असतात. एकाचा बंध तुटला की तो मोकळा गट शेजाऱ्याचा बंध आतूनच ढिला करतो. आयसोथॅलिक रेझिनमध्ये दोघांमध्ये एक जागा रिकामी असते, मग हात तिथवर पोचत नाही. व्हिनाइल एस्टर या आणखी एका रेझिनमध्ये एस्टरचे बंध साखळीच्या टोकांनाच असतात, तोडायला मुळात कमी. १९८०च्या दशकात अमेरिकी तटरक्षक दलासाठी ऱ्होड आयलंड विद्यापीठात फोडांचा पद्धतशीर अभ्यास झाला, त्यातही रोख याच विद्राव्य पदार्थांवर होता.

एवढं समजल्यावर "एकदा लावा, ऑस्मोसिस कायमचा बंद" म्हणणाऱ्या नॅनो कोटिंगच्या डब्यांकडे बघायची नजर बदलते. ग्लायकॉल आत, पाणी आत, आणि वरून झाकण घट्ट. हा ताईतच. ओलाव्याचं मीटरही कुंडलीसारखं वाचतात लोक. ते विजेच्या गुणधर्मावरून अंदाज देतं, टक्केवारी नव्हे. तांब्याचा जुना रंग, मागची धातूची पट्टी, आतल्या तळाशी साचलेलं पाणी, सगळ्यांनी त्याचा आकडा चढतो. बोटीच्या कोरड्या, वरच्या भागाचा आकडा घेऊन तळाची त्याच्याशी तुलना करावी, एवढाच त्याचा उपयोग.

तपासणी बोट पाण्यातून काढल्या काढल्या करावी. बोट सुकू लागली की फोड बसतात आणि दोन-तीन आठवड्यांत तळ साळसूद दिसतो. मग पाण्यात परत टाकली की उठतात. दिसलेल्या प्रत्येक फोडाभोवती खडूनं गोल करून ठेवा. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीनं सगळीकडे ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज चांगला, भद्द आवाज म्हणजे थर सुटलेत. इंजिन लटकतं ती मागची पाटी, म्हणजे ट्रान्सम, आणि तळातले लांब स्ट्रिंगर यांच्या पोटात बहुधा प्लायवुड असतं. आतल्या बाजूनं, खालच्या अंगाला, ४ मिलिमीटरचं भोक पाडून भुसा पाहा. फिकट आणि कोरडा असेल तर भोक इपॉक्सीनं (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या मालानं) बुजवून टाका, काळा ओला लगदा आला तर फोडांआधी ते लाकूड बदला. ट्रेलरवर राहणाऱ्या आणि वर्षातून चार दिवस पाण्यात जाणाऱ्या बोटीत ऑस्मोसिसपेक्षा हे लाकूडच जास्त बोटी मारतं.

पाच-दहा तुरळक फोड असतील तर तेवढेच उघडा, सगळा जेलकोट सोलू नका. तळभर पुरळ उठली असेल, आम्लता दाखवणारा पीएच कागद आतल्या पाण्यात बुडवून ३ ते ५ दाखवत असेल, तरच सोलणं आलं. त्याआधी मेण काढा. सॉल्व्हंटनं एका फडक्यानं पुसायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं टिपायचं. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत भरतं आणि पुढचा कुठलाच थर धरत नाही. तळाचा जुना शेवाळरोधक रंग कोरडा घासू नये. त्यात तांबं असतं आणि फार जुन्या थरांत कथिलाचं टीबीटी, ज्यावर २००८ पासून जगभर बंदी आहे. पाणी मारत घासा, चिखल गोळा करा. काच घासताना पी१०० मास्क आणि अंगभर कपडे हवेत, ही खाज दोन दिवस जात नाही.

सोलल्यावर सगळे घाई करतात ती वाळवण्याची, आणि फसतात तिथेच. पाणी उडून जाईल, ग्लायकॉल जात नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. हल कोरडा वाटतो, वरून इपॉक्सी चढवली जाते आणि आत राहिलेलं ग्लायकॉल पुढच्या मोसमाची वाट पाहत बसतं. म्हणून आधी धुवा. ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी जोरात मारायचं, काही दिवस वाळू द्यायचं, पुन्हा मारायचं. वाळताना आतलं पाणी ग्लायकॉलला पृष्ठभागावर घेऊन येतं, तिथे चिकट डाग दिसतात, पुढच्या धुण्यात ते जातात. डाग यायचे थांबेपर्यंत आणि ओल्या जागी पीएच कागद ६-७ दाखवेपर्यंत हे चालतं. तळाला जोराचे हीटर लावू नयेत, जुनं पॉलिस्टर तापलं की मऊ पडतं आणि टेकूंच्या जागी हल दबतो. वाळायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, ५ मिलिमीटरला एक महिना लागला तर १० मिलिमीटरला चार. झालं की नाही ते मीटरपेक्षा प्लास्टिक चांगलं सांगतं. ३० सेंटिमीटरचा पारदर्शक चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून वेळ आहे.

फोडाचा खड्डा उथळ बशीसारखा पसरट करा, उभ्या कडा ठेवू नका. भरायला इपॉक्सीत कालवलेला कोलॉइडल सिलिका, म्हणजे सिलिकाची अतिबारीक भुकटी. मोटारींना भरतात ती पॉलिस्टरची लांबी (पुट्टी) पाण्याखाली चालत नाही, तिच्यातली भुकटी पाणी पिते आणि लांबी सुटते. थर सुटलेले असतील तर नवी काच बसवावी लागते. कडा १२ ला १ या उताराने घासायची, ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर. जुन्या पॉलिस्टरशी नव्या थराचा रासायनिक बंध जवळपास होत नाही, फक्त चिकटणं होतं, म्हणून ताकद क्षेत्रफळातून मिळवायची. याच कारणानं दुरुस्तीला इपॉक्सी बरी. पण इपॉक्सीबरोबर साधी मॅट वापरू नका. मॅटचा बाइंडर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते. शिवलेलं बायॲक्सिअल, म्हणजे दोन दिशांना धागे असलेलं, कापड घ्या. पॉलिस्टरच वापरायचं ठरवलं, तर ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे सुमारे एक किलो रेझिन लागतं आणि एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. एमईकेपी हा कॅटॅलिस्ट वजनाच्या १ ते २ टक्के. कमी टाकला तर रेझिन कच्चं राहून पुन्हा विद्राव्य माल आत. एमईकेपी आणि कोबाल्टचा प्रवेगक थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होतो. इपॉक्सीचं प्रमाण मात्र डब्यावर असेल तेच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवू नका. आणि कालवलेली इपॉक्सी उंच डब्यात ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेनं धुमसते. पसरट ताटलीत ओता.

शेवटी अडसर-थर, म्हणजे पाणी अडवणारा इपॉक्सीचा थर. ४.५ मीटरच्या बोटीचा पाण्याखालचा भाग साधारण ८ चौरस मीटर धरला आणि एकूण थर अर्धा मिलिमीटर हवा असेल तर ४ लिटर इपॉक्सी लागते, रोलर-ताटलीतली नासाडी धरून ५ लिटर. पाच-सहा हातांत द्यावी, प्रत्येक हात आधीचा बोटाला चिकटत असतानाच. रात्र मध्ये गेली तर सकाळी पृष्ठभागावर मेणचट साय दिसते, हार्डनरमधल्या अमाइननं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरल्याची. ती सॉल्व्हंटनं फासली जाते, साध्या पाण्यानं आणि खरखरीत घासणीनं निघते. त्यानंतर ८० नंबरच्या पेपरनं घासून पुढचा हात. शेवाळरोधक रंगाचा पहिला हात मात्र शेवटच्या इपॉक्सीवर अंगठ्याचा ठसा उमटतो, पण माल बोटाला लागत नाही, त्या वेळी द्यायचा. मग २५ अंशांच्या हवेत बोट किमान आठवडाभर पाण्यापासून लांब ठेवायची, थंडीत दोन आठवडे.