वारा सरला का?

सोलापुरात सिव्हिलच्या सर्जरी वॉर्डाबाहेर बसा. पोटाच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले, की डबा मांडीवर धरून बसलेली माणसं आत डोकावून एकच विचारतात, "वारा सरला का?" लाजायचं काही नाही, राउंडला आलेले सर्जनही तेच विचारतात.

आतड्याला हात लागला की ते रुसतं. आधी मज्जातंतू त्याला गप्प बसवतात, मग त्याच्या स्नायूंच्या थरात सूज येते, आणि दुखू नये म्हणून दिलेलं मॉर्फिन त्याला आणखी सुस्त करतं. लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठर एक-दोन दिवसांत. मोठं आतडं दोन-तीन दिवस घेतं. त्याहून लांबलं की पोट फुगतं, उलट्या होतात. हा इलियस. वाट मोकळीच असते, चाल थांबलेली असते.

ही चाल सुरू करायला चिनी वैद्य गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचतात. हेच ॲक्युपंक्चर; आता त्याच जागी सुईऐवजी लेझरही धरतात. पोटाचं दुखणं आणि उपाय पायात! मलाही आधी हसू आलं होतं. पण 2013 साली हाँगकाँगमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या 165 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुयांतून हलकी वीज दिलेल्यांना सरासरी 86 तासांत शौचाला झालं, सुया न टोचलेल्यांना 122 तास लागले. 2021 साली उंदरांमध्ये दिसलं, की मागच्या पायाच्या त्याच जागी सौम्य वीज दिली की व्हेगस या मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूमार्फत शरीरातली सूज उतरते.

सोलापूरला ही विद्या अगदीच परकी नाही. भैय्या चौकाजवळ ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्याच पथकातले डॉ. बिजय बसू पुढे पुन्हा तिकडे जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं.

लेझरमध्ये सुईच नाही. मिलिवॅटमध्ये मोजावा इतका मंद, लाल किंवा अवरक्त किरण त्या बिंदूवर धरतात. कातडी भाजत नाही, टोचत नाही. चष्मा मात्र हवा, डोळ्याला धोका असतो. सुईला घाबरणाऱ्यांची सोय झाली खरी, पण प्रकाश कातडीखाली काही मिलिमीटर गेला की बराचसा विरतो, आणि विजेच्या सुयांइतका पुरावा लेझरच्या बाजूने अजून जमलेला नाही. माझं मत विचाराल तर आधी रुग्णाला वॉर्डात चालवा, च्युइंगम चघळायला द्या. जेवण आल्याचं समजून आतडं फसतं. लेझर त्यानंतर.

आणि आतडी एकमेकांना चिकटून किंवा पीळ पडून वाटच बंद झाली असेल, तर पायावरचा कुठलाच बिंदू कामाचा नाही. कळा येऊन हिरवी उलटी झाली, की लगेच सर्जनला बोलवायचं.