टाचांच्या भेगा

सिनेमा अस्सल की बेगडी, हे आमच्या घरी बाबा ठरवतात. मागे मोबाइलवर खेड्यावरचा एक गाजलेला सिनेमा लावला होता. नायक पऱ्हाटीत डवरणी करत होता. बाबा म्हणाले, “डवरा त बरा धरला यानं, पन टाचा पाह्य त्याच्या. एक भेग नाही.” विषय संपला. पडदाभर पिवळट धूळ अन् तोंडात शिव्या असल्या की झाला रांगडा सिनेमा, असं मानणाऱ्यांत तोवर मीही होतो.

या सिनेमाचं मूळ विचारलं की जाणकार रोमकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरियो द सिकांनी १९४८ साली ‘बायसिकल थीव्ह्ज’ रोमच्या रस्त्यावर उतरून चित्रित केला, नायक म्हणून कारखान्यातला कामगार घेतला. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ला भरला, तिथं बिमल रॉय यांनी तो पाहिला अन् पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. बलराज साहनी म्हणजे बीबीसीत नोकरी करून आलेला माणूस, पण शंभू या शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढायला शिकला. मला मात्र त्यातली कर्जाची वही विसरता येत नाही. शंभूच्या हिशेबानं देणं ६५ रुपये, जमीनदाराच्या कागदावर २३५. हा आकडा कळायला कास्तकाराच्या पोराला सबटायटल लागत नाही.

पण वही त्याहून जुनी आहे. १९२५ साली, पडद्यावर देवादिकांचं राज्य असताना, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. मूकपट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते अन् हा शहरात गिरणीमजूर होतो. रोमच्या २३ वर्षं आधी! आपल्याकडं रांगड्या सिनेमाची गोष्ट इथून का सांगत नाहीत, कोण जाणे.

पुढं १९८०चा ‘आक्रोश’, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा आदिवासी लहान्या जवळजवळ बोलतच नाही. अन् २०१४चा ‘कोर्ट’, ज्यात शाहीर झाले ते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. त्यांना चळवळीतला माणूस वठवावा लागला नाही, ते होतेच.

विदर्भातल्या कास्तकाराची पाळी आली २००९मध्ये, सतीश मनवरांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये. नावच आमच्या तोंडची शिवी. शेजारी कास्तकारानं जीव दिल्यावर किस्नाची बायको धास्तावते अन् नवऱ्यावर नजर ठेवायला पोराला मागं लावते.

हा सिनेमाही बाबांसोबतच पाहिला. त्या पोराला बापामागं जाताना पाहून त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. टाचांचा विषय निघाला नाही. बऱ्याच वेळानं एवढंच विचारलं, “पानी येते का मंग याच्या वावरात?”

मी पाहिलेला होता. सांगितलं नाही.