शेंगा फोडण्यातली गंमत

भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची परात मध्ये ठेवा आणि शेजारी वाटीभर सोललेले दाणे. आमच्या घरी वाटी तशीच राहते आणि परातीभोवती टरफलांचा ढीग वाढतो. एखादी शेंग पोचट निघते, एखादीत तीन दाणे सापडतात, आणि हात काही थांबत नाही.

हे माणसाचंच खूळ म्हणावं, तर उंदीरही त्याच वाटेचे. १९६३ साली ग्लेन जेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांना दांडी दाबून खाऊची गोळी मिळवायला शिकवलं. मग तशाच गोळ्यांनी भरलेली वाटी पिंजऱ्यात ठेवली. फुकटची वाटी समोर असताना बरेच उंदीर दांडीकडेच वळत राहिले. दांडीची सवय जितकी मुरलेली, तितकी तिची ओढ जास्त. आयत्या बिळावर नागोबा, याच्या नेमकं उलटं! पुढे कबुतरांत, अस्वलांतही असंच दिसलं. मांजर मात्र अपवाद. कॅलिफोर्नियात १७ पाळीव मांजरांपुढे कोड्याचं खेळणं आणि साधी ताटली ठेवली, तेव्हा बहुतेकींनी ताटलीच पसंत केली. मांजर पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

मग हा उपद्व्याप कशाला? एक पटणारं उत्तर स्टार्लिंगवरच्या प्रयोगांतून मिळालं. आपल्या साळुंकीच्या कुळातला हा पक्षी उघड्यावरच्या अळ्या सोडून लपवलेल्या अळ्या हुडकत बसतो. उघड्यावर काय आहे ते दिसतंच. आडोशाला काय आहे, हे मात्र शोधल्याशिवाय कळत नाही. उद्या समोरचं संपलं तर ही माहिती कामी येते. म्हणजे चौकशी हीसुद्धा एक बेगमीच. कडकडून भूक लागली की मात्र प्राणी हे चोचले आवरते घेतात.

माणसाला वर निमित्तही लागतं. शिकागो विद्यापीठातले संशोधक क्रिस्टोफर शी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांना दोन पर्याय दिले: भरलेली प्रश्नावली इथेच देऊन पंधरा मिनिटं बसा, किंवा लांब चालत जाऊन देऊन या. दोन्हीकडे चॉकलेट मिळणार. चॉकलेट एकाच प्रकारचं असलं की बहुतेक जण बसून राहिले. दोन ठिकाणी दोन प्रकारची ठेवली, की बरेच जण उठून चालू लागले. चालून आलेले बसलेल्यांपेक्षा खुशीत होते, आणि ज्यांना निवडीची मुभा न देता चालायला पाठवलं, तेसुद्धा.